पान शिवणारा शिंपी



या लेखाच्या बाजूला तीन सुकलेली पाने टाचणीने लावलेली आहेत. तो कचरा नाही. कृपा करून ती काढून टाकू नये व हात लावू नये. ते एक घर आहे. या श्रावणात त्या घरात दोन पिल्ले लहानाची मोठी झाली. ते घर कोणी शिवले आणि कसे शिवले ते मी आज सांगणार आहे. माझ्या हातून एक चूक झाली होती, तीही सांगणार आहे. म्हणजे तुमच्या हातून ती होणार नाही.

शिंपी दिसतो कसा?

या पक्ष्याचे नाव शिंपी. तो आपल्या केळापुरात बारा महिने राहतो. तुम्ही सर्वांनी त्याला ऐकले आहे, पण पाहिले थोड्यांनीच असेल. कारण तो चिमणीपेक्षाही लहान आहे. चोचीपासून शेपटीपर्यंत फक्त १३ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षा कमी. वजन ६ ते १० ग्रॅम. पाच रुपयांचे नाणे सहा-सात ग्रॅमचे असते. एक नाणे तळहातावर ठेवून पाहा, म्हणजे शिंपी किती हलका ते कळेल.

त्याची पाठ हिरवट असते, पोट मळकट पांढरे असते आणि कपाळावर तांबूस टोपी असते. चोच लांब, बारीक आणि टोकदार असते. शेपटी नेहमी वर उभी करून तो झुडपात या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारतो. पाठ हिरवी असल्यामुळे पानात बसला की दिसतच नाही. नर आणि मादी सारखेच दिसतात. पण अंडी घालण्याच्या दिवसांत नराच्या शेपटीची मधली दोन पिसे लांब वाढतात, त्यावरून तो ओळखता येतो.

एवढासा पक्षी, एवढा मोठा आवाज

सकाळी परिपाठाच्या वेळी हातपंपाकडून "ट्वीट-ट्वीट-ट्वीट-ट्वीट" असा आवाज येतो ना? तोच शिंपी. एकदा सुरू झाला की थांबतच नाही. मला आधी वाटायचे की हा कोणीतरी मोठा पक्षी असणार. रस्त्यावरून ट्रक गेला तरी त्याचा आवाज ऐकू येतो.

गुरुजींनी सांगितले की नर असा ओरडून दुसऱ्या नरांना सांगतो, "ही जागा माझी आहे, इकडे येऊ नका." तो ओरडताना नीट पाहा. त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक काळा डाग दिसतो. तोंड मिटले की डाग लपतो. मी हे स्वतः पाहिले आहे.

तो काय खातो?

शिंपी पानापानांवरून किडे, अळ्या, छोटे भुंगे आणि किड्यांची अंडी वेचून खातो. आपल्या शाळेच्या परसबागेत वांगी आणि भेंडी आहे. तिथे तो रोज येऊन पानाच्या खालची बाजू तपासतो, जसे गुरुजी आपल्या वह्या तपासतात. तो फुलातला मधही पितो. सावरीच्या झाडाला लाल फुले येतात तेव्हा तो तिथे जातो. त्या वेळी फुलातली पिवळी धूळ त्याच्या डोक्याला लागते, म्हणून डोके पिवळे दिसते. ती धूळ दुसऱ्या फुलावर नेण्याचे कामही त्याच्या हातून होते.

माझी चूक

ही गोष्ट मागच्या वर्षीची आहे. तेव्हा मी तिसरीत होते. आमच्या अंगणात जास्वंदीचे मोठे झाड आहे. आईने सकाळी पूजेला फुले आणायला सांगितले. खालची सगळी फुले कोणीतरी आधीच तोडून नेली होती. वर एक मोठे लाल फूल होते. माझा हात पुरला नाही म्हणून मी फांदी धरून जोराने खाली ओढली. फूल मिळाले. पण फांदी हातातून सुटली तेव्हा "टर्र" असा आवाज झाला आणि पानातून काहीतरी खाली पडले.

खाली पाहिले तर दोन छोटी अंडी फुटली होती. माझ्या करंगळीच्या नखापेक्षा थोडीच मोठी. वर एक फाटलेले पान लोंबत होते आणि त्यातून कापूस बाहेर आला होता. दोन छोटे पक्षी माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे उडून राहिले होते आणि ओरडून राहिले होते.

आजी ओट्यावर निवडत बसली होती. ती म्हणाली, "काय केलं वं बाई? पाखराचं घर मोडलं न तुनं."

मी म्हटले, "आजी, मले मालूमच नव्हतं तिथं घर हाय म्हणून."

आजी म्हणाली, "मालूम नसते म्हणूनच पाहून हात लावाव."

मी ते पान सुई-दोऱ्याने शिवायला बसले. पण माझ्या सुईने पान फाटतच गेले. एक टाकाही नीट बसला नाही. मला रडू आले. आई मला रागावली नाही. मला ते रागावण्यापेक्षाही वाईट वाटले. पक्षी दुसऱ्या दिवशीही आले, फांदीवर बसले, आणि मग आले नाहीत.

म्हणून मी ठरवले की जे मला सुईने जमले नाही ते हा पक्षी चोचीने कसे करतो, ते समजून घ्यायचे.

पान कसे शिवतात?

यासाठी मी गुरुजींना विचारले, शाळेतले पक्ष्यांचे पुस्तक पाहिले, आणि या वर्षी स्वतः लांबून पाहिले. शिवण्याचे काम मुख्य करून मादी करते. ते असे.

पहिले काम, पान निवडणे. पान मऊ, रुंद आणि जिवंत लागते. सुकलेले पान चालत नाही, कारण ते मोडते. एक पान मोठे असेल तर त्याचेच दोन काठ जवळ आणून पुडी करते. पाने लहान असतील तर दोन-तीन पाने एकत्र आणते. बाजूला लावलेल्या घराला जास्वंदीची तीन पाने आहेत.

दुसरे काम, भोके पाडणे. पानाच्या काठाने ती चोचीने बारीक भोके पाडते. जोडे शिवणाऱ्याची आरी असते, तशी तिची चोच असते. शास्त्रज्ञांनी या पक्ष्याचे नाव ऑर्थोटोमस सुटोरियस असे ठेवले आहे. त्यातल्या सुटोरियस या शब्दाचा लॅटिन भाषेतला अर्थच जोडे शिवणाऱ्याचा असा आहे.

तिसरे काम, दोरा. दोरा म्हणजे कापूस, कोळ्याच्या जाळ्याचे तंतू, नाहीतर झाडाच्या सालीचे धागे. ती दोरा एका काठाच्या भोकातून ओढून दुसऱ्या काठाच्या भोकात घालते. मग दोन्ही काठ जवळ येतात.

चौथी गोष्ट सर्वांत मजेची आहे. ती गाठ मारत नाही! मग टाका सुटत कसा नाही? कापसाचे टोक भोकातून बाहेर आले की ते पिंजल्यासारखे फुगते. फुगलेले टोक बारीक भोकातून मागे येऊ शकत नाही. म्हणून टाका घट्ट बसतो. माझी मावशी शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवते तेव्हा एकच दोरा पुढे पुढे जातो. शिंप्याचे तसे नाही. त्याचा बहुतेक टाका वेगळा असतो. एक सुटला तरी सगळी शिवण उसवत नाही. बाजूच्या पानाच्या एका काठावर मी ११ भोके मोजली. तुम्हीही मोजा, पण डोळ्यांनी, बोटाने नाही.

पाने शिवून पिशवी झाली की आत कापूस, केस आणि मऊ तंतू भरून गादी करते. त्या गादीवर अंडी.

श्रावणात कापूस कुठून आणला?

मला एक कोडे पडले होते. आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. पण पऱ्हाटीला बोंडे फुटतात दिवाळीच्या आसपास. श्रावणात तर शेतात पऱ्हाटी गुडघ्याएवढी असते. मग शिंप्याला पांढरा कापूस मिळाला कुठून?

उत्तर आमच्या घरामागेच होते. चुलीसाठी आम्ही मागच्या वर्षीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या रचून ठेवल्या आहेत. त्या पऱ्हाट्यांना कुठे कुठे कवडी कापूस चिकटलेला असतो. तो वेचायला कोणी मजूर लावत नाही, कारण त्याला भाव नाही. तोच कापूस शिंपीण ओढून राहिली होती. चोचीत धरायची, पाय टेकवून मागे ओढायची, आणि पांढरी मिशी लावल्यासारखी उडून जायची. आपण जो टाकून दिला त्या कापसाचे तिने घर बांधले.

जिवंत पानाचे घर कशासाठी?

सुगरण पक्षी गवताचे घर विणतो आणि ते उंच, पाण्यावर टांगतो. शिंपी तर आपल्या कंबरेएवढ्या उंचीवर घर करतो. तिथे मांजर येते, सरडा येतो, साप येतो, कावळा आणि भारद्वाजही येतो. मग तो वाचतो कसा?

तो लपून वाचतो. भोके इतकी बारीक असतात की पान वाळत नाही. ते हिरवेच राहते. आणि पानाची वरची, गर्द हिरवी बाजू तो बाहेर ठेवतो. म्हणून शंभर पानांत ते शिवलेले पानही इतर पानांसारखेच दिसते. मी रोज त्या झाडाजवळून जात होते तरी मला मागच्या वर्षी दिसले नव्हते. जे घर मांजराला दिसत नाही ते फूल तोडणाऱ्यालाही दिसत नाही. घर लपवण्याची जी युक्ती आहे तिच्यामुळेच माझ्यासारखीच्या हातून ते मोडते.

त्याला अजून एक शत्रू आहे. कारुण्य कोकिळा नावाचा पक्षी पावसाळ्यात येतो. तो स्वतः घर बांधत नाही. शिंप्याच्या घरात गुपचूप आपले अंडे घालतो. मग बिचारा शिंपी दुसऱ्याचे पिल्लू आपले समजून वाढवतो. ते पिल्लू शिंप्यापेक्षा मोठे होते तरी तो त्याला भरवतच राहतो.

या वर्षीचे घर

या वर्षी नागपंचमीच्या दिवशी शाळेच्या हातपंपाजवळच्या जास्वंदीत मला शिवलेली पाने दिसली. आत तीन अंडी होती. पांढरट, त्यावर तांबडे ठिपके. मी लगेच गुरुजींना सांगितले.

तेव्हा १५ ऑगस्ट जवळ आला होता. झेंड्याच्या कार्यक्रमासाठी शाळेभोवतालची झुडपे कापायची होती. एक मुलगा कोयता घेऊन तयारच होता. मी झाडासमोर उभी राहिले. सर्वजण हसले. एकजण म्हणाला, "एका पाखरासाठी काऊन एवढं?" मला उत्तर देता आले नाही. मी फक्त म्हटले की मागच्या वर्षी माझ्या हातून एक घर मोडले होते.

गुरुजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाकी सगळी झुडपे कापा. ही एक जास्वंद राहू द्या." त्यांनी चार काड्या रोवून दोरी बांधायला सांगितली आणि नियम केला की रोज दोघांनीच, दहा पावले लांबून पाहायचे. ते म्हणाले, "माणसाचा वास लागला की पक्षी पिल्ले सोडून देतो असे म्हणतात, ते खरे नाही. पण आपण सारखे जवळ गेलो तर पक्षी भितो, आणि आपण कुठे पाहतो हे कावळाही पाहतो."

आम्ही कॅलेंडरवर खुणा केल्या. अंड्यांवर मादी बसायची. बारा दिवसांनी, राखीच्या दुसऱ्या दिवशी, दोन पिल्ले निघाली. तिसरे अंडे उबलेच नाही. पिल्लांना पिसे नव्हती आणि डोळे मिटलेले होते. मग आई आणि बाप दोघेही अळ्या आणू लागले. मी एका सकाळी दप्तर मांडीवर ठेवून मोजले. मोठी घंटा होईपर्यंत ते १७ वेळा आले.

१५ ऑगस्टला भोंगा लागला, भाषणे झाली, तरी त्यांचे येणे-जाणे थांबले नाही. पोळ्याच्या आधी दोन दिवस खूप पाऊस झाला. मला रात्री झोप आली नाही. सकाळी धावत जाऊन पाहिले. पाने ओली होती, वाकली होती, पण एकही टाका सुटला नव्हता.

आणि तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आम्ही लाकडी बैल सजवून राहिलो होतो तेव्हा माझी लहान बहीण ओरडत आली. पिल्ले बाहेर आली होती! त्यांच्या शेपट्या अगदी आखूड होत्या. एक हातपंपाच्या दांड्यावर बसले, एक जमिनीवर. आईबाप झुडपातून बोलावत होते. जमिनीवरचे पिल्लू उड्या मारत झुडपात गेले तेव्हाच आम्ही मांजराला हाकलणे बंद केले.

शिंपी त्या घरात परत राहत नाही. पुढच्या वेळी नवीन पान शिवतो. म्हणून पाने सुकून गळाल्यावर गुरुजींनी ती इथे लावू दिली. आतले न उबलेले अंडे आम्ही जास्वंदीखालीच पुरले.

मोठी माणसे काय म्हणतात?

पक्ष्यांचा अभ्यास करणारे मोठे शास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. आपल्या विदर्भाच्या जंगलात वनाधिकारी राहिलेले लेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ चा. म्हणून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. चितमपल्ली २०२५ साली वारले. त्यांनी पक्ष्यांची मराठी नावे गोळा करून पक्षिकोश तयार केला. मोगलीची गोष्ट ज्या इंग्रजी पुस्तकात आहे, त्या १८९४ सालच्या पुस्तकातही दर्जी नावाचा एक शिंपी पक्षी आहे.

आपल्या जवळच्या टिपेश्वर अभयारण्यात वाघ पाहायला लांबून लोक येतात. तिथला एक वाघ तर २०१९ साली निघून चालत चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. वाघ मोठा आहे, त्याला जायला पाय आहेत. शिंपी कुठे जाईल? त्याचे जंगल म्हणजे आपले अंगण आणि आपला धुरा. वाघाला वनविभाग राखतो. शिंप्याला आपणच राखायचे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे जंगली पक्ष्यांची अंडी व घरटी नष्ट करणे हा गुन्हा आहे, असे गुरुजींनी सांगितले. पण कायदा नसता तरी घर ते घरच.

आईबाबांना विनंती

२०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले. तेव्हा मी फार लहान होते. बाबा अजूनही फवारा पाठीवर घेतला की आई दारात उभी राहते. ज्या औषधाने माणूस जातो, त्याने सहा ग्रॅमच्या पाखराचे काय होत असेल? एवढासा पक्षी सगळे शेत अळीपासून वाचवणार नाही, हे मला कळते. पण परसातल्या वांग्यावर औषध मारायच्या आधी एकदा पाने उलटून पाहा. कदाचित तिथे अळ्या वेचणारा आधीच कामाला लागला असेल. आणि धुऱ्यावरचे प्रत्येक झुडूप जाळू नका. एखादे राहू द्या.

मित्रांनो, एवढे करा

१. फूल तोडताना फांदी ओढू नका. आधी पाने पाहा.
२. घर सापडले तर लांबून पाहा. सर्वांना दाखवत सुटू नका.
३. आखूड शेपटीचे पिल्लू जमिनीवर दिसले तर उचलून घरी नेऊ नका. त्याचे आईबाप जवळच असतात. फक्त मांजर हाकला.
४. पावसाळा संपेपर्यंत दाट झुडपे कापू नका.

मला त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी देता आले नव्हते. "एका पाखरासाठी एवढं काऊन?" आज मी उत्तर देते. माझ्याकडे सुई होती, दोरा होता, दोन हात होते, तरी मला एक पान शिवता आले नाही. ते मोडायला मात्र मला एक क्षण लागला. जे आपल्याला परत करता येत नाही ते मोडू नये, म्हणून एवढे.

काल सकाळी हातपंपाकडून पुन्हा "ट्वीट-ट्वीट" ऐकू आले. तो मुलगाच मला म्हणाला, "चाल, पाहून येऊ. पण लांबून हं!"

इयत्ता ४ थी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, केळापूर